मामाचा डी ड्राइव्ह

हार्ड डिस्क जायला लागली की ती आधी वेळ खाते. मामाच्या मशीनवर पेजमेकरची, म्हणजे पुस्तकाची पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची, फाइल उघडायला इतका वेळ लागू लागला होता की तो मध्येच उठून पेपर वाचून यायचा. मग एका सकाळी डी ड्राइव्हमधल्या एका फोल्डरवर क्लिक केलं तर ते उघडेचना, आणि बऱ्याच वेळाने विंडोजने ‘वाचता येत नाही’ म्हणून हात वर केले. नारायण पेठेतल्या त्या खोलीत मामाने वर्षानुवर्षं डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं. धंदा आता बंद केलाय, पण आमच्या आजोळच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तो एकटा जुळवत होता, आणि ती सगळी त्या डी ड्राइव्हवर होती.

त्याचा फोन आला तेव्हा मशीन नुकतंच रीस्टार्ट झालं होतं आणि विंडोज स्वतःहून डिस्क तपासायला निघालं होतं. काळ्या पडद्यावर उलटी गिनती, आणि थांबवायचं असेल तर कुठलंही बटण दाबा अशी सूचना.

“मामा, दाब कुठलं तरी बटण. थांबव ते.”

“अगं, दुरुस्त करतंय ना ते? करू दे की.”

“नको करू देऊस!”

मागून मामीचा आवाज आला, “पोरगी थांबवा म्हणतेय ना, मग थांबवा,” आणि तिने भिंतीवरचं बटणच बंद केलं. कॉम्प्युटर असा बंद करू नये हे खरं, पण त्या सकाळी मामीने केलं ते सगळ्यात शहाणपणाचं होतं.

कारण असं, की ‘दुरुस्ती’ म्हणजे डिस्कवर लिहिणं. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा साठवणुकीचा सगळ्यात लहान कप्पा, वाचता आला नाही की डिस्क त्याची नोंद ‘पेंडिंग’ म्हणून करते. म्हणजे आत काय आहे ते अजून समजलेलं नाही, कदाचित पुढच्या वेळी वाचता येईलही. पण त्या जागेवर काही नवीन लिहिलं, तर डिस्क ते बिनबोभाट स्वीकारते, गरज पडली तर तो सेक्टर राखीव साठ्यातल्या दुसऱ्या सेक्टरवर हलवते, आणि जुना मजकूर कायमचा जातो. चेकडिस्कला, म्हणजे विंडोजच्या त्या तपासणीला, तुमच्या फाइलींशी देणंघेणं नसतं. ड्राइव्हची रचना पुन्हा सुसंगत दिसली की त्याचं काम झालं. त्यासाठी फोल्डरांच्या नोंदी छाटाव्या लागल्या तर ते छाटतं. चांगल्या डिस्कवर हे ठीक आहे, आजारी डिस्कवर घातक.

संध्याकाळी कोथरूडहून मामाकडे पोचेपर्यंत सल्लागार मंडळ जमलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं होतं. हा सल्ला फार जुना आहे आणि अजून मरत नाही. पुण्यात मेअखेरची दमट हवा. थंडगार डिस्क बाहेर काढली की आतबाहेर दव धरणार. आत मिनिटाला ७,२०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या तबकडीवरून वाचणारा हेड काही नॅनोमीटरवरून तरंगत असतो. तिथे दवाचा एक थेंबही परवडत नाही. काकांना मी चहा दिला आणि विषय बदलला.

पहिला प्रश्न होता की हे घरी करावं का. त्याचं उत्तर कानाने मिळतं. डिस्क चालू झाल्यावर टक्-टक्-टक् असा ठरावीक लयीतला आवाज येत असेल, किंवा खरखर ऐकू येत असेल, तर हेड गेलेला असतो. मग सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट तबकडीवर ओरखडे काढण्याची शक्यता वाढवतो. तिथे थांबायचं आणि धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेत जायचं. मामाच्या डिस्कला कान लावून ऐकलं. फिरण्याचा आवाज सरळ होता, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या पडद्यावर, नाव आणि क्षमता बरोबर दिसत होती. एका डेटा रिकव्हरीवाल्याला फोन केला तर त्याने बघितल्याशिवायच पाच आकडी अंदाज सांगितला. मामा म्हणाला, “तेवढ्यात पुस्तकाचा कागद येईल.” ठरलं, घरी करायचं. आवाज बदलला तर त्या क्षणी बंद, ही अट मी घातली.

मग मी मशीन चालू न करता मामाला वही घेऊन बसवलं. लोक सॉफ्टवेअर शोधायला धावतात, पण मला विचाराल तर या वहीनेच अर्धं काम केलं. अशा डिस्कला वाचनं मोजकीच उरलेली असतात. ती कशावर खर्च करायची हे आधी ठरवायला हवं. म्हणून मी एकच विचारत गेले: हे आणखी कुठे आहे का?

विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअरं – गेली तरी चालतील, म्हणजे सी ड्राइव्हचा निकाल लागला. जुन्या गिऱ्हाइकांची कामं – त्यांतली बरीच छापून झालेली, नको. कुळातल्या लोकांनी भरून पाठवलेले माहितीचे तक्ते – “ते मेलवर आले होते गं,” असं म्हणून मामाने जीमेल मोबाइलवर उघडलं, तर निम्म्याहून जास्त तिथेच होते, फोटोंसकट. पहिल्या दोन शाखांची पानं छापखान्याला पेन ड्राइव्हवर दिलेली. मामीने कपाटातून प्रुफांचा गठ्ठा काढला, लाल शाईच्या खुणांनी भरलेला, तिसऱ्या शाखेच्या मध्यापर्यंतचा. शेवटी वहीत उरलं ते एवढंच: चौथी आणि पाचवी शाखा, मामाने स्वतः गावोगाव फिरून काढलेले जुन्या घरांचे आणि देवळांचे फोटो, आणि वंशावळीचे मोठे तक्ते. सगळं डी ड्राइव्हवर. एक टेराबाइटचा डोंगर आता बराच लहान वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी तापकीर गल्लीत गेले. दोन टेराबाइटची नवी डिस्क, डिस्क बोर्डला जोडायची एक साटा केबल, आणि यूपीएसची बॅटरी, कारण मामाचा यूपीएस गेली काही वर्षं फक्त विजेचा बोर्ड म्हणून काम करत होता. दुकानदाराने यूएसबीचा डॉकही पुढे केला. मी घेतला नाही. आजारी डिस्क यूएसबीतून जोडली की मधली चिप एखाद्या अडलेल्या वाचनावर स्वतःच गारठते आणि डिस्क गायब झाल्यासारखी दिसते. डेस्कटॉपच्या बोर्डवर थेट जोडता येत असेल तर तसंच जोडावं. तुमची डिस्क पोर्टेबल असेल तर मात्र आधी नीट बघा. काहींमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्या बोर्डवरच पक्कं केलेलं असतं, तिथे हा मार्गच नसतो.

मशीन जुन्या विंडोजवर अजिबात चालू करायचं नव्हतं. सिस्टमरेस्क्यू नावाची लिनक्सची आवृत्ती पेन ड्राइव्हवर टाकून नेली होती. ती मशीनच्या मेमरीतूनच चालते आणि डिस्कना आपणहून हात लावत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद आपणच ठेवत असते. आधी स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमने ती कुंडली मागवली. (मामाचा शब्द. तो पंचांगही जुळवायचा.) वरच्याच ओळीत निकाल: ‘पास्ड’. मामाचा चेहरा उजळला. पण त्या ओळीवर कोणी जाऊ नये. ती कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडली तरच बदलते. बघायचं ते खालच्या तक्त्यात: ५ क्रमांकाला हलवलेले सेक्टर, १९७ ला पेंडिंग, १९८ ला दुरुस्त न होणारे. १९९ चा आकडा वाढत असेल तर बहुधा केबल खराब असते, डिस्क नव्हे, म्हणून तो आधी बघून घ्यावा. कधी कधी केबल बदलूनच संकट टळतं. इथे १९९ शून्य होता आणि १९७ व १९८ भरलेले. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. वाचण्यातली पहिली अशी चूक सापडल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट, असं त्यात निघालं. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कांनी मुख्य चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे कुंडलीत दोष दिसला तर घाबरावं, आणि दिसला नाही तर निर्धास्त राहू नये.

आता मुख्य काम, डीडीरेस्क्यू. आंतोनिओ दियाज दियाज यांनी लिहिलेला हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम फाइली, फोल्डर, नावं यांतलं काहीच ओळखत नाही. तो डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सेक्टर-सेक्टर करून नव्या जागी उतरवतो. त्याचं खरं कसब क्रमात आहे. साध्या कॉपीत विंडोज खराब सेक्टरपाशी अडतं आणि तिथेच डोकं आपटत बसतं. डेस्कटॉपची डिस्क एकेका अशा सेक्टरवर कित्येक सेकंद घालवते, पुन्हा पुन्हा फिरवून वाचून बघते, आणि त्यात स्वतःच दमते. डीडीरेस्क्यू हुशार मुलाने पेपर सोडवावा तसा चालतो: येतं ते आधी लिहून टाकायचं, अडलं की जागा सोडून पुढे. मग सोडलेल्या भागांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडायच्या, मग उरलेलं एकेक सेक्टर खरवडायचं, आणि फेरप्रयत्न सगळ्यात शेवटी.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी मी दोनदा तपासल्या. जुनी डिस्क कोणती आणि नवी कोणती, हे लिनक्सच्या एसडीए-एसडीबी नावांवरून ठरवायचं नाही, कारण ती मशीन चालू केल्यावर बदलू शकतात. डिस्कच्या लेबलवरचा सीरियल नंबर पडद्यावरच्या नंबराशी जुळवायचा. इथे उलटापालट झाली तर कोऱ्या डिस्कची सुंदर प्रत आपल्या डेटावर उमटते. दुसरी गोष्ट मॅपफाइल. कुठवर वाचलं, काय सोडलं, काय खराब निघालं, हे सगळं डीडीरेस्क्यू एका छोट्या मजकुराच्या फाइलीत लिहीत जातो. ही फाइल नव्या डिस्कवरच ठेवायची. पेन ड्राइव्हवरून चालणारं लिनक्स मेमरीत असतं, त्यामुळे वीज गेली की तिथे ठेवलेली मॅपफाइल जाते आणि सगळं पहिल्यापासून.

आणि वीज जाणार हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. नेमका गुरुवार, म्हणजे इथला दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, मध्ये येत होता.

सुरुवात डी ड्राइव्हच्या हद्दीपासून केली. पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या, तक्त्यातून तो कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे हे काढून तेवढंच आधी वाचायला सांगितलं, आणि खरवडण्याचा टप्पा पहिल्या फेरीत बंद ठेवला. मामाला हे पटत नव्हतं. त्याला वाटत होतं, आता मशीन चालू आहे, डिस्क फिरतेय, तर आधी चौथ्या शाखेचं फोल्डर उघडून तेवढं काढून घ्यावं. “एकदाच बघतो गं, दोन मिनिटं.” हे एकदा बघणंच महाग असतं. फोल्डर उघडायला यंत्रणा डिस्कवर इथून तिथे उड्या मारते, त्याच खराब जागेवर पुन्हा पुन्हा हेड नेते. त्यापेक्षा सरळ रेषेतलं एक वाचन डिस्कला कितीतरी सोसतं. मामाला मी सांगितलं की प्रत तयार होईपर्यंत मूळ डिस्कवर कोणीही, म्हणजे मीसुद्धा, काही उघडायचं नाही. तो गप्प बसला, पण कॅबिनेटच्या उघड्या बाजूला टेबलफॅन लावून, डिस्कच्या तापमानाकडे लक्ष ठेवायची जबाबदारी मागून घेतली.

पहिले काही तास आकडे सुसाट गेले. निरोगी डिस्क सेकंदाला शंभरेक मेगाबाइट देते, त्या हिशोबाने एक टेराबाइट तीन तासांच्या आत होतो. मग खराब पट्टा आला आणि वेग सेकंदाला काही किलोबाइटवर उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. मी घरी गेले. मामा दर तासाला वहीत वेळ, वाचवलेला भाग, चुका आणि तापमान अशी चार कलमं लिहून ठेवायला लागला, शिरोरेषा आखून. त्या वहीचा मला खरोखर उपयोग झाला. शेवटच्या यशस्वी वाचनाला किती वेळ झाला तो आकडा वाढत चाललाय हे त्याच्या नोंदींत स्पष्ट दिसलं. तेव्हा त्याला फोनवरूनच कंट्रोल आणि सी दाबून थांबवायला सांगितलं, मशीन थंड होऊ दिलं, आणि पुढची फेरी शेवटाकडून उलट दिशेने लावली. पुढून न वाचले गेलेले काही भाग मागून आले की चक्क वाचले जातात.

गुरुवारी वीज गेली. नव्या बॅटरीने तेवढा वेळ दिला की मामाने प्रोग्रॅम नीट थांबवून मशीन बंद केलं. वीज आल्यावर तीच आज्ञा, तीच मॅपफाइल, आणि काम सोडलं होतं तिथून पुढे.

शेवटी डी ड्राइव्हचा काही मेगाबाइटांचा भाग सोडून सगळं उतरलं. फेरप्रयत्न काही वेळा चालवले, त्यात थोडं आणखी आलं, मग मिळकत थांबली. सी ड्राइव्हचं जमेल तेवढं शेवटी घेतलं, विशेष जीव न लावता. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली. इथून पुढचं सगळं प्रतीवर, आणि प्रतीशी खेळायला भीती नसते.

काही मेगाबाइट गेले म्हणजे कोणत्या फाइली गेल्या? डीडीरेस्क्यूला हे कळत नाही, पण त्याच्याकडून काढून घेता येतं. मॅपफाइलवर खराब म्हणून नोंदलेल्या जागा प्रतीमध्ये एका ठरावीक, दुसरीकडे कुठे सापडणार नाही अशा शब्दाने भरून टाकायच्या. मग प्रत फक्त वाचण्यासाठी माउंट करायची, म्हणजे ड्राइव्हसारखी जोडायची, आणि तो शब्द ज्यांच्या पोटात सापडतो त्या सगळ्या फाइलींची यादी मागायची. मी भरायला मामाचं घरातलं टोपणनाव वापरलं. यादीत निघालं ते बरंचसं जुन्या गिऱ्हाइकांच्या अहवालांमधलं आणि कुठल्या तरी सॉफ्टवेअरच्या सीडीच्या प्रतीतलं. देवळांचे थोडे फोटो होते; त्यांत वरचा भाग स्वच्छ आणि खाली एका रेषेपासून रंग घसरलेले. आणि चौथ्या शाखेची एक फाइल.

शिवाय ते मुळात न उघडणारं फोल्डर राहिलंच होतं. त्याच्या नावांच्या नोंदी ज्या तक्त्यात असतात त्या तक्त्याचाच तुकडा खराब पट्ट्यात गेला होता. फाइली कुठेतरी होत्या, पण त्यांना नाव-गाव नव्हतं. तिथे फोटोरेक वापरला, ख्रिस्तॉफ ग्रेनिए यांचा. तो नोंदींकडे बघतच नाही, सरळ बाइट वाचत जातो आणि फाइलीची सुरुवात ओळखतो. जेपेग असेल तर एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांवरून. त्याने हजारोंनी फाइली काढल्या, सगळ्यांची नावं आकड्यांची, आणि त्यांत निम्मा कचरा: वेबसाइटींची चिन्हं, बोटभर चित्रं. आधी आकारमानाने गाळलं, मग फोटोत कॅमेऱ्याने लिहून ठेवलेल्या तारखांवरून महिन्यांचे गठ्ठे केले. मामाला त्याचे दौरे तारखेनिशी पाठ. “हे गुहागर, हे देवरुख, हे नको, हे तुझ्या भावाच्या मुंजीतले आहेत,” असं करत त्याने बसल्या जागी सगळे लावले.

चौथ्या शाखेच्या फाइलीने मात्र घाम काढला. पेजमेकरला ती उघडेना. मजकूर तरी मिळावा म्हणून मी प्रतीमध्ये थेट गावाचं नाव शोधलं आणि काहीच सापडलं नाही. सापडणारच नव्हतं. मामाचं सगळं काम श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याचे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या, आधीच्या पद्धतीचे, म्हणजे पडद्यावर मराठी दिसतं पण साठवलेली असतात एक-बाइटी चिन्हं, फॉन्ट काढला की रोमन अक्षरांचा गोंधळ. पुण्यातल्या कितीतरी छापखान्यांचं आयुष्य या पद्धतीत अडकलेलं आहे आणि डेटा वाचवण्याच्या कुठल्याही सूचनांत हा मुद्दा येत नाही. उपाय सोपा निघाला. पाचव्या शाखेची फाइल शाबूत होती. त्यातून गावाचं नाव उचलून नोटपॅडमध्ये चिकटवलं, तिथे दिसलेला गोंधळ जसाच्या तसा शोधायला दिला. एकामागून एक जागा सापडत गेल्या. त्या जागांच्या मागचापुढचा भाग कापून घेतला, पुन्हा श्रीलिपी लावली, आणि मामाने चष्मा कपाळावर सरकवून पहिली ओळ मोठ्याने वाचली. पानांची मांडणी गेली ती गेली, मजकूर बहुतेक सगळा मिळाला. त्याच जागांत आम्हाला त्या फाइलीची एक जुनी, अर्धवट प्रतही सापडली, जिच्यात नंतर दुरुस्त केलेल्या तारखा चुकीच्याच होत्या. त्यामुळे कोणता तुकडा नवा आणि कोणता जुना हे ठरवायला मामालाच बसावं लागलं.

मध्ये एक भोक राहिलं. एक खराब सेक्टर म्हणजे त्या डिस्कवर ४,०९६ बाइट, आणि एक-बाइटी मजकुरात तेवढ्यात दीड-दोन पानं मावतात. एका घराण्याच्या दोन पिढ्या त्या भोकात होत्या. मामाने सांगलीच्या मावशींना फोन लावला. त्यांनी कागद शोधायच्या आधीच सहा नावं तोंडपाठ सांगितली, आणि मामाने मूळ मजकुरात एक सून गाळली होती हेही सुनावलं.

आता कुलवृत्तांताची एक प्रत मामाकडे नव्या डिस्कवर, एक माझ्याकडे कोथरूडला, आणि दर रविवारी बदललेल्या फाइली तो स्वतःलाच मेल करतो. जुनी डिस्क भंगारवाल्याला द्यायची नाही असं मी बजावलंय, कारण तिच्यावर अख्ख्या कुळाच्या जन्मतारखा, पत्ते आणि फोन नंबर आहेत, आणि धड लिहू न देणारी डिस्क धड पुसताही येत नाही. ड्रिलने तबकडीला आरपार भोकं पाडणं हाच घरी जमण्यासारखा मार्ग. मी ड्रिल घेऊन गेलेही होते. मामा म्हणाला, “पुस्तक छापून येऊ दे, मग पाड.” मामीने ड्रिल ठेवून घेतला. तिला न्हाणीघरात खुंट्या ठोकायच्या होत्या.